सूर्यावरचा ‘डाग’ म्हणजे नेमका केवढा भाग? (शब्दचर्चा)

पहाटवारा

छोट्या दुर्बिणीतून सूर्यडाग पाहणाऱ्यांसाठी मराठी निरीक्षणवहीचे रकाने ठरवायचे आहेत. चार ठिकाणी गाडं अडलंय.

डागाचा मधला काळा भाग आणि भोवतीचा करडा पट्टा यांना प्रच्छाया-उपच्छाया म्हणावं का? एकाच करड्या पट्ट्यात तीन काळे भाग असतील तर ‘डाग’ एक लिहायचा की तीन? सूर्यडाग, सौरडाग, सौरकलंक यांतला शब्द कोणता घ्यावा? आणि ‘सीइंग’ला, म्हणजे हवेमुळे प्रतिमा किती स्थिर दिसते त्याला, काय म्हणावं? ‘दृश्यमानता’ हा शब्द काही ठिकाणी वाचला, पण पटला नाही.

मोडीप्रेमी

‘डाग’ फारसीतून आलाय. मूळ अर्थ तापल्या लोखंडाने उठवलेली खूण. मराठीत तो ‘डागणे’मध्ये अजून जिवंत आहे. फुटक्या भांड्याला ‘डाग देतात’ तेव्हाही आगीशी असलेलं नातं टिकून असतं. ‘सोन्याचा डाग’ म्हणजे दागिना, हा अर्थ मात्र अगदी वेगळ्या वाटेचा. ‘कलंक’ हिंदीत सूर्यासाठी रुळलाय. मराठीत तो घराण्याला लागतो, नावाला लागतो, चंद्रालाही लागतो, पण त्यात दोष चिकटलेला असतो. वहीत फक्त काय दिसलं ते लिहायचं असल्यामुळे मी ‘डाग’च घेईन. सूर्यडाग आणि सौरडाग दोन्ही बरोबर आहेत, पण वहीभर एकच ठेवा. पुढे नोंदी शोधताना दोन रूपं त्रास देतात.

अवांतर: सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, आदित्यचाराच्या अध्यायात, ‘तामसकीलक’ असा शब्द आहे. कीलक म्हणजे खुंटी किंवा पाचर. हे तेहतीस केतू राहूचे पुत्र मानलेत आणि सूर्यावर ते दिसले तर रंग, जागा आणि आकार पाहून फळ सांगावं असं म्हटलंय. फलज्योतिषाचा भाग बाजूला ठेवला तरी जागा आणि आकार हे दोन रकाने आपल्या वहीतही असणारच आहेत. आजच्या नोंदीत मात्र हा शब्द वापरू नये, कारण त्याच्या पोटात राहू-केतू आहेत.

तिपाई

छायेच्या शब्दांबद्दल माझं मत ठाम आहे. ते ग्रहणापुरते ठेवावेत. ग्रहणात खरोखरच सावली असते. पृथ्वीची दाट सावली ती प्रच्छाया, विरळ ती उपच्छाया. पंचांगात आणि वर्तमानपत्रात ‘छायाकल्प चंद्रग्रहण’ लोक नेहमी वाचतात. सूर्याच्या डागावर कोणाचीही सावली पडलेली नसते. तिथल्या तीव्र चुंबकीय क्षेत्रामुळे आतली उष्णता नेहमीसारखी वर येऊ शकत नाही, म्हणून तो भाग थंड पडतो. भोवतालचा दीप्तिगोल (सूर्याचा आपल्याला दिसणारा पृष्ठभाग) साधारण ५,५०० अंश सेल्सिअस, तर डागाचा मध्य साधारण ३,५०० ते ४,००० अंश. तो तुकडा एकटाच आकाशात टांगला तर डोळे दिपतील. भोवती त्याहून कितीतरी झगझगीत असल्यामुळे तो काळा भासतो. नवख्या माणसाला ‘उपच्छाया’ म्हटलं की त्याचा पहिला प्रश्न येतो, ‘सावली कशाची?’ तिथेच शब्द फसला.

त्याऐवजी ‘गाभा’ आणि ‘झालर’ लिहा. झालर हा शब्द फार नेमका बसतो. १०० मिमीच्या दुर्बिणीतून, हवा शांत असताना, तो पट्टा नुसता करडा राहत नाही. गाभ्यापासून बाहेर जाणारे बारीक तंतू दिसू लागतात, अगदी कापडाच्या झालरीसारखे. ६० मिमीत तंतू सुटे होत नाहीत, पण पट्टा नीट कळतो. झालर नसलेल्या बारक्या काळ्या टिंबाला ‘रंध्र’ म्हणा. गाभा दुभंगणारी उजळ रेघ असते तिला ‘प्रकाशसेतू’ चालेल.

आता एक की तीन. दिवसाचा सूर्यडाग-आकडा काढण्यासाठी एका झालरीतले तीन सुटे गाभे म्हणजे तीन डाग. रंध्रही एक डाग म्हणूनच मोजतात. रुडोल्फ वोल्फने १८४८ मध्ये बर्नला सुरू केलेली पद्धत आजही तीच आहे: गटांची संख्या गुणिले १०, अधिक सुट्या डागांची संख्या. बिंबावर तीन गट आहेत, त्यांत १, ४ आणि १२ डाग आहेत, तर ३० अधिक १७, म्हणजे ४७. एकच रंध्र असलेला दिवस ११ चा. शून्य आणि ११ यांच्या मधला आकडा येऊच शकत नाही. कुणाच्या वहीत ५ किंवा ७ दिसला तर गटांचे दहा धरायचे राहिलेत, हे लगेच ओळखावं.

बोलताना मात्र आपण झालरीसकट सगळ्याला ‘मोठा डाग’ म्हणतो. त्यामुळे वहीत नुसता ‘डाग’ असा रकाना नको. ‘गट’ आणि ‘मोजलेले डाग (गाभे व रंध्रं)’ असे दोन करा. तिसरा रकाना ‘झालर’. तो वर्गीकरणाला लागतो. डागांच्या गटांचे प्रकार पाडणाऱ्या मॅकिंटॉश वर्गीकरणात एकट्या, बिनझालरीच्या गटाला ‘ए’, दोन टोकांच्या पण बिनझालरीच्या गटाला ‘बी’, एकाच टोकाला झालर असेल तर ‘सी’. दोन्ही टोकांना झालर आली की सूर्यावरच्या अंशांत मोजलेल्या लांबीप्रमाणे ‘डी’, ‘ई’, ‘एफ’: १० अंशांपर्यंत, १० ते १५, आणि १५ च्या वर. झालर असलेला एकटा डाग ‘एच’. म्हणजे झालरीची नोंद राहिली की वर्ग ठरवताच येत नाही.

मोजताना मोठेपणा रोज तोच ठेवा. आज ४० पट आणि उद्या १०० पट वापरलं तर रंध्रं वाढल्यासारखी वाटतील, सूर्यावर काहीही बदललेलं नसेल.

गच्चीवरून

शब्दांची यादी करताच आहात तर ‘फिल्टर’ आणि ‘काळी काच’ आधी घ्या. इथे शब्द ढिला राहिला तर डोळा जातो.

‘फिल्टर लावलाय’ हे वाक्य अपुरं आहे. कुठे लावलाय? सुरक्षित जागा एकच, दुर्बिणीच्या तोंडावर, प्रकाश भिंगात शिरण्याआधी. म्हणून मी ‘तोंडावरचा फिल्टर’ असंच म्हणतो. जुन्या दुर्बिणींबरोबर आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) आटे फिरवून बसवायची गडद काच येते, तिच्यावरही ‘सन’ लिहिलेलं असतं. सगळा एकवटलेला प्रकाश तिच्यावर पडतो, ती तापते आणि तडकते, आणि डोळा तेव्हा तिथेच असतो. ती काच फेकून द्या, दुसऱ्याला देऊ नका. ग्रहणचष्मा घालून आयपीसला डोळा लावणं तेवढंच घातक. ‘काळी काच’ म्हणून लोक काजळी धरलेली काच, एक्सरेची फिल्म, काहीही आणतात. हा शब्द यादीत नकोच.

फिल्मच्या फिल्टरमध्येही दोन प्रकार आहेत. ‘ओडी’ म्हणजे फिल्म प्रकाश किती अडवते त्याचं माप. ‘ओडी ५’ एक लाखांश प्रकाश आत सोडते, ती डोळ्यासाठी. ‘ओडी ३.८’ त्याच्या सुमारे सोळा पट प्रकाश सोडते, ती फक्त कॅमेऱ्यासाठी. दोन्ही दिसायला सारख्याच चांदीसारख्या, म्हणून पुठ्ठ्याच्या कड्यावर जाड अक्षरात लिहून ठेवा. फिल्म दोन पुठ्ठ्यांच्या कड्यांमध्ये दुतर्फी चिकटपट्टीने धरा, पण ताणू नका. सुरकुत्या चालतात, ताणामुळे प्रतिमा बिघडते. कडं नळीवर घट्ट बसलं तरी तीन बाजूंनी चिकटपट्टी लावा, वारा सांगून येत नाही. दर वेळी आधी दिव्यासमोर धरून भोकं तपासा. फाइंडरवर (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीवर) झाकण घाला किंवा तो काढून ठेवा. नेम धरायला जमिनीवर नळीची सावली बघा. ती सगळ्यात लहान आणि गोल झाली की सूर्य समोर आला.

‘सीइंग’ला ‘हवेचं स्थैर्य’. दृश्यमानता धुक्यातल्या विमानतळाला लागते, तिचा अर्थ लांबचं दिसणं. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पारदर्शकता आणि स्थैर्य. उन्हाळ्यात आकाश लख्ख असतं आणि सूर्याची कड मात्र दुधासारखी उकळत असते. हिवाळ्यात सकाळी हलकं धुरकट असूनही कड चाकूने कापल्यासारखी दिसू शकते. सूर्य थोडा वर आल्यावर आणि कोबा, पत्रा तापण्याआधी, साधारण साडेसात ते साडेनऊ, ही वेळ धरा. सिमेंटच्या गच्चीपेक्षा गवत बरं. शेजारच्या पत्र्यावरून किरण येत असेल तर जागा बदला.

पहाटवारा

गाभा, झालर, रंध्र पक्के केले. छायाचित्रांच्या नोंदींसाठीही शब्द हवेत. ‘स्टॅकिंग’ला काय म्हणता? आणि मोठेपणा न देता, कॅमेरा थेट जोडून बिंब केवढं येतं?

गच्चीवरून

फोकल लेंथला साधारण १०८ ने भागा. ६०० मिमीच्या दुर्बिणीत सूर्य सुमारे ५.६ मिमीचा पडतो. डीएसएलआरच्या सेन्सरवर तो आरामात मावतो, ५ मिमी उंचीच्या ग्रहांच्या कॅमेऱ्यावर नाही. तिथे दोन तुकडे घेऊन जोडावे लागतात. एफ/७ ची दुर्बीण, ओडी ५ आणि आयएसओ १०० असेल तर सेकंदाच्या पाचशेव्या भागापासून सुरुवात करा. हिस्टोग्रामचं (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचं) टोक तीन चतुर्थांशाच्या आसपास राहू द्या. त्याहून वर गेलं की कडेजवळचे उजळ चट्टे पांढऱ्यात बुडतात. डीएसएलआरला लाइव्ह व्ह्यू आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, नाहीतर आरशाच्या धक्क्याने झालर पुसट होते. फोकस डागावर करा, डोक्यावर काळं कापड घेऊन. उन्हात स्क्रीन दिसत नाही, म्हणून ‘बरोबर वाटतोय’ एवढ्यावर सोडलेला फोकस बहुतेक वेळा चुकलेला असतो.

स्टॅकिंगला ‘चळत’ म्हणता येईल, नाण्यांची असते तशी. हजार-दोन हजार चौकटींचा व्हिडिओ घ्यायचा, त्यातल्या सर्वात स्थिर दहा टक्के निवडायच्या आणि चळत लावून सरासरी काढायची. व्हिडिओ दोन मिनिटांच्या आत संपवा. पृष्ठभागावरचे कण आठ-दहा मिनिटांत विरून जातात, लांबवलेल्या व्हिडिओत त्यांचा चिखल होतो. धार वाढवताना हात आवरा. जास्त झाली की झालरीच्या बाहेर पांढरी कड उमटते आणि लोक ती खरी समजून नोंदवतात.

‘ठिपका’ आणि ‘डाग’ यांतही फरक ठेवा. सेन्सरवरच्या धुळीला ठिपका म्हणा. दुर्बीण किंचित हलवा: सूर्याबरोबर सरकला तो डाग, चौकटीत जागच्या जागी राहिला तो ठिपका.

पहाटवारा

गटातल्या ‘लीडिंग’ आणि ‘फॉलोइंग’ डागांना अग्रगामी-अनुगामी लिहिलं तर? आणि दिशा कशा लिहायच्या?

तिपाई

पुढचा डाग आणि मागचा डाग. साधे आहेत आणि चुकत नाहीत. सूर्य फिरतो त्या दिशेला, म्हणजे पश्चिमेकडे, असतो तो पुढचा.

दिशा शब्दावर सोडू नका, दरवेळी पडताळा. डायगोनल आरसा (आयपीसआधी प्रकाश काटकोनात वळवणारा) लावला की डावं-उजवं उलटतं. ट्रॅकिंग (दुर्बीण आपोआप सूर्यामागे फिरवणारी मोटर) बंद करा. बिंबाची जी कड आधी चौकटीबाहेर जाते ती पश्चिम. मग नळी हलकेच ध्रुवाच्या बाजूला ढकला, आधी बाहेर जाते ती दक्षिण. ही झाली आकाशाची दिशा. सूर्याचा अक्ष तिच्याशी वर्षभरात दोन्ही बाजूंना सुमारे २६ अंशांपर्यंत कललेला दिसतो, एप्रिलच्या सुरुवातीला एका टोकाला, ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या. त्यामुळे एप्रिलच्या चित्रात गट तिरपा दिसला म्हणून कॅमेरा वाकडा बसला असं समजू नये. त्या दिवसाचा अक्षकोन वेगळ्या रकान्यात लिहावा.

कडेजवळच्या डागाला आणखी एक शब्द लागतो, ‘खळगा’. गोल डाग कडेकडे सरकला की बिंबाच्या मध्याकडची झालर अरुंद होते आणि कडेकडची रुंद राहते. अलेक्झांडर विल्सनने हे १७६९ मध्ये ग्लासगोत टिपलं आणि डाग खोलगट असल्याचा अर्थ काढला. वहीत ‘झालर एकीकडे अरुंद’ एवढं लिहून भागत नाही, कुठल्या बाजूला ते लिहा. मध्याकडे अरुंद असेल तर खळग्याचा परिणाम, दुसरीकडे असेल तर झालर खरोखरच लंगडी आहे.

पहाटवारा

मग एक ओळ अशी होईल: ‘०८:१०, ८० मिमी, ६० पट, स्थैर्य ५ पैकी ३, गट ३, मोजलेले डाग १७, आकडा ४७, झालर: दोन गटांना, पुढच्या डागात प्रकाशसेतू.’ बरोबर?

तिपाई

वेळ सोडून सगळं बरोबर. जगभरच्या नोंदी विश्ववेळेत जुळवतात, म्हणून साडेपाच तास वजा करून ०२:४० लिहा, आणि रकान्याच्या डोक्यावर ‘विश्ववेळ’ असं छापूनच घ्या.