कठीण काळात प्रार्थना सुचत नसेल तर विश्वास कसा वाढवायचा?

वात_आणि_तेल:
प्रभूच्या नावात नमस्कार. आजारपण, नोकरी जाणं, घरातलं कुणी निघून जाणं अशा दिवसांतून जाणाऱ्यांसाठी आमच्या संगतीत (प्रार्थनेच्या गटात) बोलायचं आहे. ‘विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल’ एवढ्यावर भागत नाही. प्रार्थनेला बसलं की शब्द सुचत नाहीत, बायबल उघडलं तरी डोळे नुसते ओळींवरून फिरतात, आणि देवावर राग आला आहे हे कबूल करायची भीती वाटते. रोज नेमकं काय करायचं, किती वेळ, आणि काय टाळायचं?

पहाटेचा_पहारा:
रागापासूनच सुरुवात करायला सांगा. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत विलापाची, म्हणजे देवापुढे दुःख आणि तक्रार मांडणारी स्तोत्रं ढीगभर आहेत. म्हणजे तक्रार कशी करायची हे देवाच्या वचनानेच शिकवलं आहे. सुरुवातीला 13 वं स्तोत्र घ्या, अवघी सहा वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो, तिसऱ्या-चौथ्यात मागणी आहे, पाचव्या-सहाव्यात भरवसा.

वही घ्या. स्तोत्र एकदा मोठ्याने वाचा. मग स्वतःचे चार ‘कोठवर’ लिहा, अगदी स्पष्ट: ‘हा ताप कोठवर?’, ‘हप्ते कोठवर थकणार?’ त्याखाली एकच मागणी, आजच्यापुरती. भरवशाची ओळ आली तर लिहा, नाही आली तर जागा कोरी ठेवून तारीख टाका. दहा मिनिटं पुरतात, पण वेळ रोज तीच ठेवा. एकच स्तोत्र आठवडाभर चालू द्या.

बहुतेकांची चूक एकच होते: तक्रार अर्धवट सोडून लगेच पाचव्या वचनावर उडी. वरून स्तुती होते, आत राग तसाच राहतो आणि काही महिन्यांनी माणूस प्रार्थनाच सोडतो. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आभारही नाहीत. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कारण बोलणारा अजून देवाशीच बोलतो आहे. अरण्यात इस्राएल लोकांनी कुरकुर केली ती देवाविषयी, आपसात. विलाप देवाच्या तोंडावर केला जातो. गटाला हा फरक नीट समजावून सांगा, भीती बरीच उतरेल.

आणखी एक. वर्षभरात बायबल पूर्ण करण्याचं वेळापत्रक अशा दिवसांत बाजूला ठेवा. एकूण 1189 अध्याय, म्हणजे रोज तीनहून जास्त. चार दिवस चुकले की तेरा अध्यायांची थकबाकी डोक्यावर बसते आणि वाचनाची जागा अपराधीपणा घेतो. चुकलेला दिवस भरून काढायचाच नाही, आजचं वाचायचं.

झुडपाखालची_भाकर:
वरचं सगळं पटतं, पण त्याआधी शरीर. बायबलमधल्या ‘1 राजे’ या पुस्तकाचा 19 वा अध्याय पाहा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर, पाणी, झोप, पुन्हा भाकर. त्यानंतर चाळीस दिवसांची होरेब डोंगरापर्यंतची वाट, आणि ‘तू येथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न तिथे पोहोचल्यावर. हा क्रम उलटा करू नका. रात्री झोप नसलेल्या माणसाला पहाटे चारच्या प्रार्थनेला बोलावणं, किंवा जेवण सुटलेल्याला उपास सुचवणं, याने विश्वास वाढत नाही.

दोन आठवडे सतत मन खचलेलं असेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर डॉक्टरांकडे जायला सांगा. जीव द्यावासा वाटतो असं कुणी म्हणालं तर त्याच दिवशी मदत मिळवा, त्याला एकटं सोडू नका. विश्वास दाखवण्यासाठी गोळ्या बंद करायला तर कुणालाच सांगू नये. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, आणि प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं.

वात_आणि_तेल:
खूप उपयोगी. पण ‘इतकं मागूनही देव देत नाही’ असं कुणी विचारलं तर?

पहाटेचा_पहारा:
घाईने कारण सांगू नका. मुलंबाळं, संपत्ती सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होतं, कारणं सांगू लागले तिथे चुकले. ‘तुझा विश्वास कमी पडला’ हे तर म्हणूच नये. पौलाने शरीरातला ‘काटा’, म्हणजे सततचा त्रास, दूर व्हावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा मिळाली. पण हे वचन दुःखाच्या पहिल्या आठवड्यात कुणाच्या हातात देऊ नका, तेव्हा ते दार लावून घेतल्यासारखं वाटतं. येशूनेही अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत तीनदा तीच प्रार्थना केली आणि तिघा शिष्यांना जवळ ठेवलं. म्हणून प्रत्येकाला दोन-तीन माणसं ठरवून द्या. ‘काही लागलं तर कळवा’ असं म्हटलं की सहसा कुणी कळवत नाही. ‘मंगळवारी संध्याकाळी जेवण आणतो’ असं सांगा आणि आणा. शब्द सुचत नसतील तर त्या माणसाने शेजारी बसून स्तोत्र वाचावं, दुःखी माणसाने नुसतं ‘आमेन’ म्हटलं तरी चालेल.

झुडपाखालची_भाकर:
रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा असा क्रम आहे. धीरासाठीच्या मूळ ग्रीक शब्दात ‘खाली टिकून राहणं’ असा अर्थ आहे. हे शिकवताना एक गोष्ट आवर्जून सांगा: घरातली मारहाण सोसत राहणं म्हणजे हा धीर नव्हे. शौल राजाने भाला फेकला तेव्हा दावीद बाजूला सरकला आणि त्याच रात्री पळून गेला. अशी कुणी बहीण गटात असेल तर तिला आधी सुरक्षित जागी पोहोचवा, वही नंतर.