प्रतिसाद: रंधा मारताना बाक हलतो

सुतारकामाचा बाक रंधा मारताना (लाकूड तासून सपाट करताना) हलतो, या प्रश्नावर बाकाची वरची फळी जाड करा असा सल्ला आधी आलाय, पण बाक लांबीच्या दिशेने डुलत असेल तर दोष फळीत नसतो, पायांच्या जोडात असतो. जाड फळीने वजन वाढेल, डुलणं पूर्ण थांबणार नाही.

पाय ३ × ३ इंचांपेक्षा बारीक नकोत. जमिनीपासून ६-७ इंचांवर, पुढे आणि मागे, ५-६ इंच रुंदीची लांब आडवी पट्टी द्या. खरं काम ही रुंदीच करते. पट्टीचं टोक पायात अर्धा इंच खाच पाडून बसवा आणि प्रत्येक जोडाला १० मिमीचे दोन बोल्ट वर-खाली लावा. वॉशर मोठा घ्या, नाहीतर नट लाकडात रुतून जोड सैल होतो. नुसते स्क्रू इथे टिकत नाहीत, कारण पट्टीच्या टोकाला ते लाकडाच्या रेषांच्या दिशेने शिरतात आणि तिथे पकड कमी असते. पावसाळ्यानंतर लाकूड आकसतं, तेव्हा बोल्ट पुन्हा आवळा.

वरच्या फळीसाठी १८ मिमी प्लायचे दोन थर फेविकॉलने चिकटवले तरी पुरतं. वरची फळी अखंड लाकडाची असेल तर मात्र ती पाय-पट्ट्यांच्या चौकटीला चिकटवू नका. रुंदीच्या दिशेने लांबट भोकं पाडून स्क्रू लावा, नाहीतर फळी फुगली-आकसली की तडकेल.

पुढच्या पायांची बाहेरची बाजू वरच्या फळीच्या पुढच्या कडेशी सपाट हवी. म्हणजे कामाची लांब फळी उभी धरून तिची कड रंधताना पायालाच क्लॅम्प लावता येतो. बाकाची उंची साधारण, हात खाली सोडून उभं राहिल्यावर मनगट येतं तितकी.