मदत हवी आहे : भंडारदऱ्याजवळ कौलारू घर घ्यावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं भावंडं मिळून भंडारदऱ्याजवळ, शेंडी गावाच्या पुढे, एक जुनं दोन खोल्यांचं घर बघतोय. ओट्यावरून धरणाचं पाणी दिसतं. बाबांना कळसूबाई चढायची हौस होती, आता गुडघे साथ देत नाहीत. त्यांना नुसतं समोर डोंगर बघत बसता यावं एवढीच इच्छा आहे.

अडचण कागदांची. सातबाऱ्यावर मूळ मालक आदिवासी दिसतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ नुसार सरकारी परवानगीशिवाय अशी जमीन बिगरआदिवासीला विकता येत नाही, एवढं वाचलंय. मधला एजंट मात्र "सगळं क्लिअर आहे" म्हणून टोकन मागतोय. मी दिलेलं नाही. कोणाची जमीन फसवून आपल्या नावावर यावी, हे आम्हाला मुळीच नको.

जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) कुठपर्यंत मागे तपासावेत? शिवाय कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जवळच आहे, तर दुरुस्तीला किंवा एखादी खोली वाढवायला वन खात्याची परवानगी लागते का? अकोले तालुक्यात व्यवहार केलेल्यांनी कृपया सांगा.

आणि पावसाळ्यात बंद घराची ओल कशी सांभाळता? आईला तीच काळजी जास्त आहे.