ताटात वाढून मिळालेला हक्क?

'भारतीय बायकांना मताधिकार आयता मिळाला, इंग्लंडसारखं झगडावं लागलं नाही' असं कोणीतरी लिहिलंय. अर्धंच पटतं. तिकडच्यासारखी तुरुंगातली उपोषणं इथे या मागणीसाठी झाली नाहीत, खरं. पण १९१७ च्या डिसेंबरात सरोजिनी नायडूंसह महिलांचं शिष्टमंडळ मद्रासला ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलं, ते याच मागणीसाठी. १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबई प्रांतांनी स्त्रियांना मत दिलं, तेही मालमत्तेच्या अटीसकट. म्हणजे मोजक्याच जणींना.

आणि १९५० मध्ये घटनेनं सगळ्याच प्रौढांना मत दिलं, त्यानंतरचं काय? पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करताना उत्तरेत लाखो बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको', एवढंच. परक्या माणसापुढे नाव घ्यायचं नाही ही रीत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले: नाव नाही तर नोंद नाही. सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून गळल्या, बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि तेव्हाच्या मध्य भारत व विंध्य प्रदेश या राज्यांतल्या. ओरड झाली, पण सेनांचं मत असं की झाली ते बरंच, पुढच्या खेपेला नावं येतील. मला विचाराल तर माणूस कडक, पण बरोबर होता.