सायकलवरून ऑफिसला जाताना शर्टाची परीटघडी टिकते का?

विषय: शर्टाचा बोळा होतोय, उपाय सुचवा

मंडळी, नमस्कार.

गेल्या महिन्यापासून ऑफिसला सायकलने जायला लागलोय. जायचे नऊ किलोमीटर, यायचे नऊ. पाय ठीक आहेत, दमही लागत नाही आता. अडलंय ते शर्टापाशी. रात्री इस्त्री करून नीट घडी घालतो, सकाळी सॅकमध्ये ठेवतो, ऑफिसात जाऊन बदलतो. बाहेर काढला की वाटतं रात्रभर कोणीतरी उशाला घेऊन झोपलं होतं. परवा मीटिंगमध्ये एकाने फार आपुलकीने विचारलं, "प्रवासातून थेट आलात का?"

ऑफिसात अंघोळीची सोय नाही, इस्त्री नाही. टॉयलेट आणि एक खुंटी, एवढंच. शर्ट सुती आहेत. काय करावं?

– चुरगळलेला

---

उत्तर: शर्टाचा बोळा होतोय

सोपं आहे. सोमवारी पाच शर्ट ऑफिसात नेऊन टांग, शुक्रवारी पाच परत आण. त्या दोन दिवशी सायकलऐवजी बसने ये-जा कर. मी चार वर्षं हेच करतोय.

– लिस्टवरचा काका

---

उत्तर: शर्टाचा बोळा होतोय

काका, उपाय उत्तम, पण माझी रोज बसायची जागा ठरलेली नाही. जिथे रिकामं दिसेल तिथे बसायचं. पाच शर्ट टांगायचे कुठे? लॉकर आहे, पण तो बुटांच्या खोक्याएवढा.

– चुरगळलेला

---

उत्तर: शर्टाचा बोळा होतोय

शर्ट घडी न घालता गुंडाळी करून ने. माझ्या घडीचा फोटो सोबत जोडलाय, बघ.

– एक वाचक

*[लिस्ट-चालक: या लिस्टवर फोटो जात नाहीत, आपोआप कापले जातात. कृपया शब्दांत लिहा.]*

---

उत्तर: शर्टाचा बोळा होतोय (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

अरे चुरगळलेल्या,

मी कापडाच्या धंद्यात बरीच वर्षं काढली, त्यामुळे राहवलं नाही. तुम्ही सगळे घडीबद्दल बोलताय. घडी दुय्यम आहे. आधी तुझी सॅक कुठे असते ते सांग. पाठीवर, बरोबर? मग तू रोज सकाळी शर्टाला उलटी इस्त्री करतोयस.

इस्त्री म्हणजे काय? ऊब, ओल आणि दाब. कापूस म्हणजे सेल्युलोज, लांबच लांब साखळ्या. त्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. कापड कोरडं असेल तर ही पकड घट्ट. ओल शिरली की पाण्याचे रेणू मधे घुसतात, पकड सैल होते, साखळ्या सरकतात. मग कापड वाळताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा पकड बसते. इस्त्रीच्या टेबलावर तो आकार सपाट असतो. तुझ्या सॅकमध्ये तो लॅपटॉपखाली दबलेल्या बोळ्याचा असतो. पाठीची ऊब आहे, घामाची ओल आहे, लॅपटॉपचा दाब आहे. आणखी काय हवं?

सुती कापड साध्या दमट हवेतूनच आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी धरून ठेवतं. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही, म्हणून टेरिकॉटचा शर्ट कसाही कोंबला तरी बऱ्यापैकी निघतो. लोकर भरपूर पाणी पिते, पण तिचा धागाच स्प्रिंगसारखा, टांगली की आपणहून सुटते. लिननचं नाव काढू नकोस. तो नुसत्या बघण्याने चुरगळतो.

म्हणून पहिली गोष्ट: शर्ट पाठीवरून उतरव. कॅरिअरला लागणारी बाजूची पिशवी घे, ज्याला ते पॅनिअर म्हणतात. एवढ्याने अर्धं काम होईल.

दुसरी गोष्ट, जी कोणीच नीट करत नाही. रात्री इस्त्री करून लगेच घडी घालतोस ना? तोच घोळ. इस्त्रीखालून निघालेला शर्ट गरमही असतो आणि आत ओलसरही. त्या अवस्थेत घातलेली घडी पक्की बसते. इस्त्री झाली की हँगरला लाव, वरचं बटण लाव, आणि तासभर तरी टांगून ठेव. घडी निजताना घाल. जमलं तर सकाळी घाल.

आणि इस्त्री करताना शर्ट थोडा दमट हवा. पार सुकलेल्या सुती शर्टावर कितीही इस्त्री फिरवली तरी सुरकुती नुसती सपाट होते, जात नाही. पाणी शिंपड, गुंडाळून दहा मिनिटं ठेव, मग कर. लेबलवर इस्त्रीच्या चित्रात तीन ठिपके असतील तर २०० अंशांपर्यंत चालतं, दोन असतील तर १५०, एक असेल तर ११०. टेरिकॉटला तीन ठिपक्यांची इस्त्री लावलीस तर शर्ट चकाकेल, आणि ती चकाकी जन्मभर राहील.

खळ अजिबात नको. खळीच्या शर्टाची घडी मोडली की तिथे कागदासारखी रेघ पडते.

आता घडी. फोटो जात नाहीत, तर शब्दांत दाखवते.

वरचं, मधलं आणि शेवटचं, एवढीच बटणं लाव. शर्ट पलंगावर पालथा घाल. पाठीवर हात फिरवून सगळी हवा काढ. ए४ कागदापेक्षा बोटभर लहान असा एक जाड पुठ्ठा कॉलरच्या खाली, पाठीच्या मधोमध ठेव. त्यावर ड्रायक्लीनवाले देतात तसली पातळ प्लॅस्टिकची पिशवी अंथर. ही पिशवी महत्त्वाची. कापडावर कापड घासलं की अडतं, अडलं की चुणी पडते. मधे प्लॅस्टिक असलं की थर एकमेकांवरून घसरतात. मग एक बाजू पुठ्ठ्यावर आण, बाही खांद्यापासून सरळ खाली सोड, कफ शेपटाकडे. दुसरी बाजू तशीच.

आता खालून वर. शेपटाची पहिली घडी कशीही पडू दे, ती पँटमध्ये खोचली जाते, कोणाला दिसत नाही. दुसरी घडी मात्र बरोबर पोटावर येते. तिथे कोरड्या छोट्या टॉवेलाची गुंडाळी ठेव आणि तिच्याभोवती शर्ट वळव. वळण जितकं मोठं, तितका धाग्यावर ताण कमी. गुंडाळी करणाऱ्यांना जे हवं असतं ते एवढंच, पण त्यात कॉलरचे हाल होतात. कॉलरच्या आत मोजे गोल करून बसव. स्वच्छ मोजे.

– कापडवाली ताई

---

उत्तर: शर्टाचा बोळा होतोय

> कॅरिअरला लागणारी बाजूची पिशवी घे

ताईंशी शंभर टक्के सहमत. रोज येऊनजाऊन २६ किलोमीटर मारतो, त्यातून शिकलेलं थोडं.

पिशव्या दोन असतील तर लॅपटॉप आणि शर्ट वेगवेगळ्या बाजूंना. पिशवी एकच असेल तर शर्ट पाठीमागच्या कडक पट्टीला टेकून उभा सरकवायचा. कुलूप, पंप, चार्जर तळाला. खड्ड्यांमधून गेलं की आतलं सगळं सामान हळूहळू शर्टावर येऊन बसतं, हे ऑफिसात पिशवी उघडल्यावरच कळतं.

पावसाची पिशवी तोंडाशी गुंडाळून बंद होते. तिच्यातून पाणी आत येत नाही तसं बाहेरही जात नाही. ओलं जॅकेट किंवा घामाचा टीशर्ट शर्टाबरोबर कोंबलात तर आत वाफेचं न्हाणीघर होतं. ओल्यासाठी वेगळी पिशवी.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. बहुतेकांचा शर्ट सायकलवर नाही बिघडत. ऑफिसात पोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत बिघडतो. पेडल मारताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं त्यातली जेमतेम २० ते २५ टक्के चाकापर्यंत जाते, बाकीची उष्णता. पेडलवर १०० वॉट दिलेत तर अंगात ३०० ते ४०० वॉटची शेगडी पेटलेली असते. चालू सायकलवर वारा ती विझवत असतो. तुम्ही दारात थांबता, वारा बंद, शेगडी चालू. घाम येतो तो तेव्हा. आणि आपण नेमका त्याच क्षणी घाईघाईने टॉयलेटात शिरून इस्त्रीचा शर्ट ओल्या पाठीवर चढवतो.

त्यामुळे शेवटचा किलोमीटर अगदी आळशासारखा हलक्या गिअरवर. शक्य तिथे सावलीतून. पोचल्यावर आधी शर्ट बाहेर काढून खुंटीला, आणि स्वतः दहा-पंधरा मिनिटं टीशर्टावरच. मेल बघा, पाणी प्या. मग तोंड, मान, काखा पुसा आणि शर्ट घाला. तेवढ्या वेळात शर्टाच्या बारीक चुण्याही थोड्या सैल होतात.

– रोजचा सायकलवाला

---

उत्तर: शर्टाचा बोळा होतोय

इतका खटाटोप कशाला? 'इस्त्री नको' लिहिलेले शर्ट मिळतात ना? मी तेच वापरतो.

– एक वाचक

---

उत्तर: शर्टाचा बोळा होतोय

वापर की, कोण नको म्हणतंय. पण काय घेतोयस ते जाणून घे.

मघाशी सांगितल्या त्या सेल्युलोजच्या साखळ्या. या शर्टांत त्यांना एकमेकींशी रसायनाने कायमचं टाचलेलं असतं, म्हणजे ओल आली तरी सरकायला नको. अमेरिकी कृषी खात्याच्या न्यू ऑर्लिन्सच्या प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो या बाईंनी या विषयावर मोठं काम केलं. शोधाचं श्रेय एकट्या आपलं नाही असं त्या स्वतः सांगत. २००२ साली त्यांना संशोधकांसाठीचा लेमेलसन-एमआयटी जीवनगौरव पुरस्कार मिळाला. त्यांनी ते काम केलं त्या काळात कापूस पॉलिएस्टरपुढे हरायला आला होता, हे लक्षात घेतलं तर त्या कामाची किंमत कळते.

पण टाचलेला धागा ताठर होतो, त्याची ताकद कमी होते. म्हणून असा शर्ट कॉलरच्या दुमडीवर आणि कफच्या कडेला लवकर विरतो. सायकलवाल्याची कॉलर घामाने आणि दाढीच्या खुंटांनी आधीच घासलेली असते. शिवाय या प्रक्रियेत फॉर्मल्डिहाइड हे त्वचेला त्रास देऊ शकणारं रसायन वापरतात, तर नवा शर्ट एकदा धुतल्याशिवाय अंगाला लावू नको.

मला विचारशील तर विणीकडे बघ. शर्टाचं कापड उजेडासमोर धर. तिरप्या रेघा दिसल्या तर ट्विल. त्यात धागे काही अंतर मोकळे तरंगतात, त्यांना हलायला जागा असते, चुण्या कमी. पॉपलीन एकाआड एक घट्ट विणलेलं, दिसायला झकास, चुरगळायला तत्पर. जाडसर ऑक्सफर्डवर चुण्या पडतात पण शोभून जातात. पांढऱ्या आणि फिकट निळ्या कोऱ्या कापडावर सगळं दिसतं, बारीक चौकडीत बरंच लपतं. हा प्रामाणिक उपाय नव्हे, पण मीटिंगमध्ये कोण तपासतंय?

– कापडवाली ताई

---

उत्तर: शर्टाचा बोळा होतोय

गुंडाळीबद्दल ताई बोलल्या ते मान्य. माझा फोटो वाया गेला त्याचं मात्र वाईट वाटलं.

– एक वाचक

---

उत्तर: शर्टाचा बोळा होतोय – दोन आठवड्यांनंतर

मंडळी, हिशोब देतो.

पॅनिअर घेतली. पहिल्या दिवशी ती टाचेला लागत होती, मागे सरकवून बसवली. शर्ट पहिल्याच दिवशी ओळखू येईना इतका बरा.

इस्त्रीनंतर टांगून ठेवणं, हे मी ऐकून सोडून दिलं होतं. तीन दिवस खांद्याखाली त्याच जागी आडवी रेघ. मग एका रात्री दोन शर्टांना इस्त्री केली, एकाची लगेच घडी घातली, दुसरा सकाळपर्यंत टांगला. एकाच पिशवीतून दोन्ही नेले आणि ऑफिसात शेजारी शेजारी टांगले. लगेच घडी घातलेल्याची रेघ संध्याकाळपर्यंत गेली नाही. टांगलेल्याची घडी कुठे होती ते शोधावं लागलं. ताई, माफी.

टॉवेल एकदा चुकून ओला गेला. त्या दिवशी शर्टावर पोटाच्या उंचीला टॉवेलाचे दाणे छापून आले होते, अगदी शिक्क्यासारखे. ओंजळभर पाणी घेऊन बोटांनी शिंपडलं, खालची कड धरून ताणलं, आणि हात सुकवायच्या गरम हवेच्या यंत्राखाली पाच मिनिटं उभा राहिलो. दाणे गेले. टॉयलेटात आलेले दोघे काही न बोलता परत गेले.

काका, लॉकरमध्ये एक शर्ट मावतो, पुठ्ठ्यावर घडी घातलेला. तो ट्विलचा, अडीअडचणीचा म्हणून तिथेच ठेवलाय.

आता एकच तक्रार उरलीय. सकाळी शर्ट झकास असतो, आणि दुपारी एकपर्यंत पाठीला खुर्चीच्या जाळीचा नकाशा उमटतो.

– अर्धा चुरगळलेला

---

उत्तर: शर्टाचा बोळा होतोय – दोन आठवड्यांनंतर

टेकू नकोस.

– लिस्टवरचा काका