मदत हवी आहे: खाऱ्या पाण्यासाठी रील, सीलबंद घ्यावं की घरी उघडता येईल असं?

नमस्कार मंडळी,

दाभोळ खाडीच्या मुखाशी आणि अंजनवेलच्या बाजूच्या कातळांवर बाबा आणि मी गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जातो. नवीन स्पिनिंग रील (रॉडवरचं लाईन गुंडाळायचं चक्र) घ्यायचं आहे, बजेट १५ हजारांपर्यंत. दुकानात विचारलं की बेअरिंग किती आणि ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाईन सोडणारा ब्रेक) किती किलोचा एवढंच ऐकायला मिळतं. माझा प्रश्न वेगळा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुनं रील मिठाने गेलं. परवा वर्तमानपत्र पसरून ते उघडलं. बेलच्या, म्हणजे लाईन धरणाऱ्या वाकड्या तारेच्या, टोकाला जो छोटा रोलर असतो, ज्यावरून लाईन वळते, तो फिरतच नव्हता. आतल्या बेअरिंगची तांबूस भुकटी झालेली. रोलर जाम असल्यामुळे ब्रेड (विणलेली लाईन) एकाच जागी घासत राहिली आणि तिथे खाच पडली, नख फिरवलं की लागते. अशा रोलरवरून गेलेली ब्रेड मोठ्या माशाला टिकणार कशी? स्पूल (लाईन गुंडाळायची फिरकी) काढला तर खालच्या दांड्याभोवती पांढरा चुरा. बॉडी ॲल्युमिनियमची आहे, आणि जिथे जिथे स्टीलचा स्क्रू बसलाय नेमका तिथेच रंग फुगून वर आलाय. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी, म्हणजे ॲल्युमिनियम झिजणारच. एक स्क्रू तर डोक्यापासून तुटला.

मधे एकदा ते दुरुस्तीला शहरात पाठवलं होतं. बराच काळ तिकडेच पडून राहिलं आणि परत आलं तेव्हा रोलर तसाच जाम. तेव्हापासून मनात पक्कं आहे की जे काही घेईन त्याची निगा गुहागरात बसून आपल्याला राखता आली पाहिजे.

आमची पद्धत सांगते. बाबा कोलंबी लावून तळाला बसतात. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे रॉड दगडाला टेकवलेली असते आणि रीलला वाळू लागतेच. मी लूर (खोटं आमिष) फेकते, पहाटे पाण्यावर तरंगणारा पॉपर, ऊन चढलं की बुडणारे लूर. तांबोशी आणि जिताडा हे मुख्य, बाबांना शिंगाळाही चालतो. ब्रेड ३० पौंडी, पुढे गळाजवळ ४० ते ५० पौंडी फ्लुरोकार्बन लीडर (घासणं सोसणारा जाड तुकडा). तांबोशी लागली की पहिल्या झटक्यात दगडाखाली घुसते, तिला तिथेच रोखावं लागतं. उधाणाच्या दिवसांत कातळावर लाटेचे शिंतोडे अंगावर येतात, रील पूर्ण भिजतं.

आता अडचण. पेन स्पिनफिशरसारखी रीलं सीलबंद असतात, त्यांना पाणी अडवण्याचा आयपीएक्स ५ दर्जा आहे. त्याच कंपनीचं स्लॅमर ४ आयपीएक्स ६ आहे, पण ते बजेटबाहेर. दुसऱ्या बाजूला डायवा बीजी किंवा पेन बॅटल ३. धातूची मजबूत बॉडी, पण असं सील नाही. चार स्क्रू काढले की आतलं सगळं समोर. डायवाच्या वरच्या काही मॉडेल्समध्ये मॅगसील असतं, म्हणजे चुंबकाने धरून ठेवलेलं तेल पाणी अडवतं. ते घरी उघडायचं नसतं म्हणतात, म्हणून ती मी यादीतून काढली आहेत.

सील असलेलं घेतलं आणि आत पाणी गेलंच, तर ते आतच कोंडून राहील का? आणि उघडं घेतलं तर आमच्या वापरात किती निगा राखावी लागेल? किनाऱ्यावरून गरवणाऱ्यांनी कृपया अनुभवातून सांगावं, बोटीवरचा हिशोब वेगळा असतो.

भरतीओहोटी (मालवण):

ताई, प्रश्न अगदी नेमका विचारलात. आधी आयपीएक्सचं बघू. ५ म्हणजे मिनिटाला साधारण साडेबारा लिटरच्या फवाऱ्याला टिकणारं, ६ म्हणजे १०० लिटरच्या जोरदार माऱ्याला. यातलं एकही बुडवण्यासाठी नाही. पाण्याखाली अर्धा तास ठेवायची चाचणी ७ ला असते. शिवाय या चाचण्या नव्या वस्तूवर आणि गोड्या पाण्यात होतात. सील रबराचं, वाळूने ते झिजतं. म्हणून लाटेच्या शिंतोड्यांना स्पिनफिशर उत्तम, पण ओहोटीच्या डबक्यात पडून राहिलं तर भरवसा धरू नका.

तरी तुमच्यासाठी मी सीलबंदच म्हणेन, आणि ते बाबांच्या रॉडमुळे. वाळूचा कण गिअरमध्ये गेला की तो ग्रीसमध्ये बसतो आणि प्रत्येक फेऱ्याला दात खरवडतो. मीठ धुता येतं, वाळू आत गेली की रील सगळं खोलावं लागतं.

ड्रॅगचा आकडा सोडून द्या. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो. ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात, म्हणजे साडेतीन ते साडेचार किलो. तांबोशीसाठी थोडा वर न्या. खोक्यावरचे १५-२० किलो तुम्हाला कधीच लागणार नाहीत. बघायचं ते हे की चार किलोला लाईन अडखळत सुटते की सलग. कार्बनच्या चकत्या असलेला ड्रॅग सलग सुटतो.

आणि कधी मालवणला आलात तर किल्ल्याच्या आसपास गळ टाकण्याआधी हद्द विचारून घ्या. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे.

खाडीकाठचा:

मी उलट सांगतो. उघडं घ्या. सीलबंद रील घेणारी माणसं ते उघडतच नाहीत, हा खरा धोका. सील आहे म्हणून निर्धास्त राहतात, आणि मीठ सील नसलेल्या जागी काम करत राहतं: रोलर, बेलचे सांधे, हँडलची मूठ. ताई, तुमचं रील ज्या जागेवरून गेलं ती जागा बऱ्याच सीलबंद रीलांतही बाहेरच असते.

धुताना ड्रॅग घट्ट करा, म्हणजे चकत्यांत पाणी शिरत नाही. नळाची हलकी धार किंवा ओलं फडकं, एवढं पुरे. जोराचा पाइप मारू नका, त्याने मीठ आतच ढकललं जातं. बादलीत तर बुडवूच नका. मग सावलीत सुकवा, ड्रॅग सैल करा, रोलरला बारीक तेलाचा एक थेंब द्या आणि बोटाने फिरवून बघा. गिअरला ग्रीस, बेअरिंगला तेल. हँडल उलटं फिरू न देणारा एकदिशा क्लच असतो, त्याला ग्रीस चुकूनही लावू नका. त्यातले बारीक रोलर निसटतात आणि नेमका मासा लागल्यावर हँडल मागे फिरतं.

आणखी एक. आपल्याकडे रील पावसाळ्यात मरतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, आणि किनाऱ्यावरही दर्या उभं राहू देत नाही. रील खुंटीला टांगलेलं. हवा दमट, आणि रीलवर उरलेलं मीठ त्या हवेतलं पाणी ओढून घेतं. न वापरताही गंज चालूच. मे अखेरीस रील पूर्ण उघडून, पुसून, नवं ग्रीस घालून कोरड्या डब्यात ठेवलं की नारळी पौर्णिमेला काढल्यावर नव्यासारखं फिरतं.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. पावसाळ्याचं वाचून एकदम उलगडा झाला. मे महिन्यात बरं चाललेलं रील ऑगस्टमध्ये काढलं तेव्हापासूनच खरखरत होतं, आम्ही दोष वाळूला देत होतो.

काल स्प्रिंगच्या काट्याने बाबांच्या दुसऱ्या रीलचा ड्रॅग मोजला. रॉडच्या रिंगांतून लाईन ओवून, टोकाला काटा लावून ओढलं. बाबा अंदाजाने लावतात तो दोन किलोही भरला नाही! गेल्या वेळी तांबोशी दगडाखाली कशी गेली ते कळलं. साडेचारला लावून दिला तर बाबा म्हणाले, एवढा घट्ट? मग काट्याची सुई दाखवली तेव्हा पटलं.

एक विचारते. निम्मी लाईन बाहेर गेल्यावर तोच ड्रॅग जास्त जड लागतो. रीलचा दोष आहे का?

भरतीओहोटी (मालवण):

दोष नाही. स्पूलवरचा लाईनचा घेर कमी झाला की त्याच ड्रॅगला ओढायला जास्त जोर लागतो. घेर निम्मा झाला तर जोर दुप्पट. म्हणून लांब पळणाऱ्या माशाला मधेच ड्रॅग थोडा सोडतात. आणि म्हणूनच स्पूल काठाच्या जरा खालपर्यंत भरायचा: खाली थोडा तंगूस (नायलॉनची लाईन) गुंडाळा, वर ब्रेड. ब्रेड थेट धातूवर बांधली तर सगळी गुंडाळी स्पूलवर गरगर फिरते आणि ड्रॅग बिघडला असं वाटतं.

साइजचा नंबर कंपनीगणिक वेगळा, एकाचं ५००० दुसऱ्याच्या ५००० एवढं नसतं. नंबर बाजूला ठेवा, स्पूलवर किती लाईन मावते ते वाचा. ३० पौंडी ब्रेड २५० मीटर मावली की किनाऱ्यावरून भरपूर. त्याहून मोठं रील दिवसभर लूर फेकताना मनगटाला जड होईल.

खाडीकाठचा:

दुकानात स्पूल काढून आतला दांडा बघा, बेल उघडबंद करा, हँडल पुढे फिरवून झटकन मागे दाबा. जरासुद्धा मागे सरकलं तर ते पीस घेऊ नका, दुसरं मागा. रोलर बोटाने फिरवा. त्याचा स्क्रू साध्या पेचकसाने निघतो का तेही तिथेच विचारा.

धागाकर्ती:

ठरवलं. बाबांच्या तळाच्या गळाला सीलबंद स्पिनफिशर, कारण वाळू त्यांच्याच बाजूला आहे. माझ्या लूरसाठी सध्या जुन्याच रीलला नवा रोलर आणि बेअरिंग बसवून बघते, जमलं नाही तर पुढच्या वर्षी बीजी. दोघांचं म्हणणं अशा तऱ्हेने पाळलं जाईल.

आता फक्त एवढं सांगा: रोलरचं बेअरिंग सुटं मागवताना आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तीन मापं दिली की पुरतं ना? माझं तर भुकटी झालंय, मापायला काही उरलं नाही. रोलरच्या आतली पोकळी आणि खालची पिन मोजून माप काढलं तर चालेल का? कुणी स्टीलऐवजी सिरॅमिक गोळ्यांचं बेअरिंग या जागी वापरलं असेल तर तेही कळवा.