'वाल्ड' आणि 'गेवाल्ट': अरण्य आणि सत्ता एकाच मुळातून आली का?

दुभाषी: जर्मनीच्या १९४९ च्या राज्यघटनेतील विसाव्या कलमाचे मराठी भाषांतर करताना 'गेवाल्ट' या शब्दापाशी अडलो आहे. तेथे त्याचा अर्थ लोकांपासून निघणारी राज्याची सत्ता असा आहे, पण हाच शब्द कौटुंबिक हिंसाचारासाठीही वापरतात. त्यावर एका स्नेह्याने ठामपणे सांगितले की 'गेवाल्ट'मध्ये 'वाल्ड' म्हणजे अरण्य दडलेले असून तो मुळात जंगलचा कायदाच आहे. हे खरे मानावे का, आणि मराठीत काय लिहावे?

मुळाक्षर: मानू नये. एकवचनात दोन्हींच्या शेवटी 'ट'च ऐकू येतो, म्हणून फसगत होते. अनेकवचन करून पाहा: अरण्याचे 'वेल्डर' होते आणि दडलेला 'ड' बाहेर येतो, तर सत्तेचे 'गेवाल्टन' होते आणि 'ट' हलत नाही. जर्मनच्या नात्यातल्या, स्कँडिनेव्हियाच्या जुन्या नॉर्स भाषेत तर दोघांची फारकत स्पष्टच आहे. सत्तेचा शब्द तेथे 'वाल्ड' असाच राहिला, आणि अरण्याच्या शब्दाचे रूपही बदलले व अर्थही, कारण तो 'मैदान, कुरण' या अर्थाने वापरला जाऊ लागला. आइसलँडची लोकसभा ९३० पासून जेथे भरत असे, त्या थिंगवेल्लिरच्या नावातला उत्तरार्ध हाच मैदानाचा शब्द आहे. जुन्या इंग्रजीत मात्र दोन्ही शब्द एकाच रूपात येऊन मिळाले, त्यामुळे इंग्लंडच्या केंट आणि ससेक्समधल्या 'वील्ड' या प्रदेशाचे नाव अरण्याचे आणि 'ऑस्वल्ड' नावातला शेवट सत्तेचा, हे सांगावे लागते. 'हॅरल्ड' आणि 'वॉल्टर' ही नावेही सत्तेचीच आहेत.

जुनेदप्तर: व्युत्पत्ती काहीही असो, युरोपात अरण्य आणि सत्ता वेगळी कधी होती? 'फॉरेस्ट' हा शब्दच फ्रँक राजांच्या दस्तऐवजांतून आला, आणि नॉर्मन इंग्लंडमध्ये राजाच्या शिकारीसाठी राखलेल्या, वेगळा कायदा लागू असलेल्या मुलखात झाड नसले तरी त्याला फॉरेस्टच म्हणत. आमच्या गावी 'फॉरेस्टात गुरे घालू नका' असे सांगतात, तेव्हाही झाडे नव्हे, गार्डच डोळ्यांपुढे असतो.

मुळाक्षर: निरीक्षण सुरेख आहे, पण तो 'फॉरेस्ट'चा इतिहास झाला, 'वाल्ड'चा नव्हे.

शुद्धमती: सत्तेच्या या शब्दाला संस्कृत 'बल' सख्खा भाऊ असताना 'गेवाल्ट'साठी 'राज्यबल' का लिहू नये? दर वेळी 'पॉवर' डोळ्यांपुढे ठेवून शब्द शोधण्याची आपली खोड जाईल तरी.

मुळाक्षर: सख्खे भाऊ लॅटिन 'वालेरे' आणि रशियन 'व्लास्त' हे आहेत. त्यांच्या 'व'समोर संस्कृतात 'व'च यायला हवा, 'ब' नव्हे. शिवाय 'राज्यबल' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे राखीव पोलिसांची गाडी येते.

शुद्धमती: ती सवयीची बाब आहे. सवयीलाच प्रमाण मानायचे, तर कोश कशाला हवेत?

माणदेशी: अरण्याचे मैदान झाले यात नवल काय? 'रान' हा शब्द 'अरण्य'पासून आला, पण आमच्याकडे 'रानात पाणी सोडले' म्हणजे उसाला किंवा ज्वारीला पाणी दिले. संस्कृतातले 'जांगल'ही मुळात रुक्ष, विरळ झाडांच्या प्रदेशाला म्हणत.

जुनेदप्तर: कोकणातल्या माझ्या आजीला हे मुळीच पटले नसते. तिच्या लेखी रान म्हणजे जेथे एकटे जायचे नाही ती जागा.

दुभाषी: मजकूर उद्या द्यायचा आहे. 'राज्यसत्ता' लिहिले तर चालेल का?

माणदेशी: एकटे जायचे नाही त्या जागेला आम्ही डोंगर म्हणतो. रान नांगरटीचेच असते, फार तर पडीक.